इंदूरजवळच्या हाटात पहिल्यांदा जाताना

गेल्या हिवाळ्यात माझी भाची नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आली. शेतकऱ्यांचा बाजार म्हणजे चोइथराम मंडी, असं तिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, आणि पहिल्याच रविवारी तिला तिथं जायचं होतं. मी तिला मंडीत नेलं नाही, गावाकडच्या हाटाला नेलं. दुपारी परतताना तिच्या पिशवीत मुळासकट मेथी होती, सकाळी तोडलेला वटाणा होता आणि मोबाइलमध्ये एका शेतकऱ्याचा नंबर होता. तिला वाटेत जे जे सांगितलं तेच इथं नीट मांडते आहे. लग्न होऊन, बदली होऊन किंवा शिकायला म्हणून इंदूरला आलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल. मी स्वतः लग्नानंतर नाशिकहून आले. त्याला आता चोवीस वर्षं झाली, आणि हाटाचं जवळजवळ सगळं मी सासूबाईंच्या मागे पिशवी धरून शिकले.

आधी तीन जागा वेगळ्या ओळखा

चोइथराम मंडीचं खरं नाव देवी अहिल्याबाई होळकर फळ व भाजी मंडी. माळव्याचा आणि घाटाखालच्या निमाडचा माल रात्रीपासून तिथं उतरतो, पहाटे बोली लागते आणि व्यवहार कट्ट्यांत आणि कॅरेटांत होतो. कट्टा म्हणजे पोतं, कॅरेट म्हणजे टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट. धान्याचं असंच काम छावणीच्या आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत चालतं. घरासाठी दोन किलो घेणाऱ्याला मंडीच्या कडेचे किरकोळ विक्रेते मिळतात, पण शेतकरी क्वचितच मिळतो. त्याचा माल आडत्याकडे गेलेला असतो आणि तो चहा पिऊन परतीच्या गाडीत बसलेला असतो.

हाट म्हणजे गावाचा आठवडी बाजार. तिथं भाजीबरोबर बी-बियाणं, दोरखंड, विळे, मातीची भांडी, चपला, बांगड्या आणि शेव-जिलेबी सगळंच असतं. शेतकरी, लहान व्यापारी आणि फिरते दुकानदार मिसळून बसतात.

तिसरी जागा बांध. रस्त्याकडेच्या शेतावर, झाडाखाली खाट टाकून किंवा ट्रॉलीवरच मांडलेला माल. पाटी बहुतेक वेळा नसते. हंगामात महिना-दीड महिना दिसतो आणि मग नाहीसा होतो.

नव्या माणसानं हाटापासून सुरुवात करावी. तिथं तुलना करता येते, प्रश्न विचारले तर कुणाला वावगं वाटत नाही, आणि एका चकरेत दहा शेतकरी भेटतात. बांधावर एकच माणूस असतो, त्यामुळे भाव आणि माल दोन्हीची थोडी ओळख झाल्यावर तिकडे वळलेलं बरं.

वार विचारून निघा

इंदूरच्या चहूबाजूंना हाट भरणारी गावं आहेत. धारच्या रस्त्याला बेटमा, पश्चिमेला हातोद आणि देपालपूर, उज्जैनच्या रस्त्याला सांवेर, खंडव्याच्या रस्त्याला सिमरोल, आणि मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर महू आणि त्यापुढे मानपूर. प्रत्येक गावाचा वार ठरलेला असतो आणि शेजारच्या गावाचा त्याहून वेगळा. यामागे सरळ हिशेब आहे. कापड, भांडी, मसाले विकणारे तेच लोक आज या गावात आणि उद्या पुढच्या गावात जातात, म्हणून वार एकमेकांवर येऊ देत नाहीत.

इंटरनेटवर वार शोधत बसू नका. घरी दूध घालायला येणारा भिया यातल्याच कुठल्यातरी गावाचा असतो, त्याला विचारा. कामाला येणाऱ्या बाईंना विचारा. त्यांच्याकडून वार तर कळेलच, शिवाय ‘या आठवड्यात नका जाऊ, लग्नं आहेत, कुणी येणार नाही’ हेही कळेल. सोयाबीनच्या काढणीत आणि गव्हाच्या कापणीत हाट रोडावतो, दिवाळीच्या आधीचा हाट मात्र दुप्पट भरतो.

वेळेबद्दल पुण्या-नाशिकची सवय सोडावी लागते. आपण भाजी म्हटली की सकाळी सातला निघतो. इकडचा शेतकरी पहाटे तोडणी करतो, घरचं आवरतो, मोटारसायकलला पोती बांधून किंवा गावच्या टेम्पोत बसून येतो. दहाच्या आधी गेलात तर पालं बांधताना दिसतील. अकरा ते एक ही वेळ उत्तम. तीननंतर भाव उतरतो, पण मेथी-पालक उन्हानं मान टाकतात. बटाटे, कांदे, भोपळा असं टिकाऊ घ्यायचं असेल तर उशिरा जाण्यात फायदा आहे.

भगोरियाबद्दल एक सांगायलाच हवं. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी आणि खरगोन जिल्ह्यांत जे हाट भरतात ते भगोरिया हाट. भिल्ल, भिलाला समाजाचा तो मोठा सण आहे: मांदळ, बासरी, नवे कपडे, होळीची खरेदी. मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात तो हा मेळा, असं शहरात सर्रास बोललं जातं आणि त्या समाजातल्या लोकांना ते मनापासून लागतं. जायचं तर पाहुण्यासारखं जा. मुलींच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. आणि भाजी शिकायची म्हणून जात असाल तर हा आठवडा टाळा, गर्दीत काहीही कळणार नाही.

कुठल्या महिन्यात कुठल्या रस्त्याला

याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. यादी करून हाटाला गेलं की निराशा पदरी येते. ऋतू बघून रस्ता निवडला की पिशवी आपोआप भरते.

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन. ‘मालव माटी गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर’ ही ओळ इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून हमखास ऐकायला मिळते. दक्षिणेला मानपूरचा किंवा सिमरोल-चोरलचा घाट उतरला की नर्मदेचं खोरं, म्हणजे निमाड. तिथं हवा जास्त उष्ण आणि पिकंही वेगळी. तासा-दीड तासाच्या अंतरावर दोन निरनिराळे प्रदेश हाताशी असणं ही इंदूरची श्रीमंती आहे.

पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, सिमरोल-चोरलच्या रस्त्याला जा. मक्याची कणसं बांधावरच मिळतात. कणीस तोडलं की त्यातली साखर तासातासाला पिठूळ होत जाते, म्हणून शेतावरून आणून त्याच संध्याकाळी किसलेल्या कणसाचा कीस आणि तीन दिवसांच्या कणसाचा कीस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. याच दिवसांत धार-मांडूकडच्या हाटांत रानभाज्या येतात. करटोली, टाकळा, अंबाडी आपल्या ओळखीच्या. निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडी हे जेवण घरोघरी आहे, तेव्हा सोलापूर-नांदेडच्या माणसाला तिथं परकं वाटायचं कारण नाही. रानातली अळंबी मात्र, विकणारा कितीही खात्रीनं सांगो, ओळख नसताना घेऊ नये. विषारी अळंबी शिजवल्यानं बिनविषारी होत नाही.

पाऊस सरता सरता सैलाना आणि मांडू भागातली बालम काकडी येते. हातभर लांब, जाड, आत केशरी झाक. मिठाशिवायही गोड लागते. ती फार दिवस मिळत नाही, दिसली की घ्या.

दिवाळीच्या सुमारास धार-मांडूच्या रस्त्याला सीताफळं. टोपलीत डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांमधली फट पांढरट-पिवळी झालेली फळं निवडा. ती दोन-तीन दिवसांत पिकतात. डोळे मिटलेलं, कडक हिरवं फळ घरी आणलं तर काळं पडतं, पिकत नाही. मांडूला गेलातच तर खोरासानी चिंच बघा. ती चिंच नव्हेच, गोरखचिंचेचं, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या बाओबाबचं फळ. दुधीएवढं, बाहेर मखमली कवच, आत पांढरा आंबट गर. विकणाऱ्या आदिवासी बायका ते फोडून चव देतात.

थंडी हा हाटाचा खरा काळ. मार्गशीर्ष ते माघ कुठल्याही रस्त्याला जा. वटाणा, मेथी, पालक, चाकवत, गाजर, मुळा, ओला लसूण, डहाळ्यासकट हरभरा. याच दिवसांत गराडू येतो. हा रताळ्यासारखा दिसणारा, पण जातीनं कोनफळाचा भाऊ. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळून, मसाला भुरभुरून खाल्ला असेल, तोच कच्चा हाटात मिळतो. सोलताना हाताला खाज येते, म्हणून हाताला तेल लावा. पेरूही याच वेळचे.

फाल्गुन-चैत्रात बटाटा, लसूण, गहू, त्यानंतर कांदा. त्याचं पुढं सविस्तर सांगते. उन्हाळ्यात माळव्याच्या हाटात भाजी थोडी असते. काकडी, टरबूज, कैऱ्या आणि रानमेवा. निमाडची वाळलेली लाल मिरची हिवाळ्यापासूनच येऊ लागते. खरगोन जिल्ह्यातलं बेडिया तिच्या मंडीसाठी प्रसिद्ध आहे, पण घरापुरती दोन-चार किलो मिरची निमाडच्या कुठल्याही हाटात मिळते. मूठभर मिरच्या हातात घेऊन हलवा. बियांचा खुळखुळ आवाज आला तर वाळलेली आहे. वाकते पण मोडत नाही ती ओलसर, डब्यात बुरशी धरेल.

इथली नावं

मराठी इंदुरात जागोजागी कानावर पडते, पण हाट हिंदी-माळवीत बोलतो. वटाण्याला इथं बटला म्हणतात. पेरूला जाम किंवा जामफल. ओला हरभरा म्हणजे छोड. घोसाळं ती गिलकी, दोडका ती तुरई, शेवग्याच्या शेंगा म्हणजे सुरजने की फली, वालाच्या शेंगा बालोर, करटोली म्हणजे किकोडा. कांदा मात्र माळव्यातही कांदाच, आणि भुट्ट्याच्या किसाला इथंही कीसच म्हणतात. माळवीत ‘काय’ला ‘कई’ म्हणतात, त्यामुळे ‘कई भाव?’ हे मराठी तोंडातून अगदी सहज निघतं.

वजनात पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, अर्धपाव सव्वाशे, आणि धडी म्हणजे पाच किलो. बटाटे-कांद्याचा भाव बऱ्याचदा धडीवर सांगतात. नवा माणूस तो किलोचा समजून चमकतो आणि निघून जातो. विचारून घ्या.

हाक मारताना वयस्क पुरुषाला काकाजी किंवा दाजी, तरुणाला भिया, बाईला बई किंवा काकी. सासूबाई सगळ्या म्हाताऱ्या विक्रेत्या बायकांना ‘जीजी’ म्हणत आणि त्या बायका त्यांच्यासाठी चांगली जुडी खालून काढून देत.

बरोबर काय घ्यावं

चार कापडी पिशव्या, एक टोपली किंवा खोका (टोमॅटो, सीताफळं, पेरू दबू नयेत म्हणून), पालेभाजीसाठी ओलं फडकं, पाणी, टोपी. दहा-वीसच्या नोटा भरपूर. मोबाइलनं पैसे घेणारे आता पुष्कळ आहेत, पण घाटाखालच्या गावांत नेटवर्क जातं आणि म्हाताऱ्या जीजीचा कोड तिच्या मुलाच्या खात्याचा असतो. रोख दिले तर ते तिच्या हातात पडतात.

शेतकरी कसा ओळखायचा

हाटात पहिली दहा मिनिटं काहीही घेऊ नका. एक पूर्ण चक्कर मारा आणि ढिगाऱ्यांपेक्षा माणसं बघा.

ज्याच्यापुढे पंधरा प्रकारची भाजी रचलेली आहे, त्यात सफरचंद आणि रंगीत ढोबळी मिरचीही आहे, त्यानं ती मंडीतून आणली आहे. यात वाईट काही नाही. तोही पहाटे तीनला उठतो, आणि त्याच्यामुळेच गावाला बारा महिने टोमॅटो मिळतो. पण तुम्ही ज्यासाठी तीस किलोमीटर आलात ते त्याच्याकडे नाही. तीच भाजी तुमच्या गल्लीतल्या ठेल्यावरही आहे.

शेतकऱ्यापुढे दोन, फार तर तीन जिन्नस असतात. आकार सारखे नसतात: एक वांगं मोठं, एक लहान, एकाला कीड लागून बुजलेलं भोक. मेथीच्या मुळांना माती असते आणि ती काळी, ओलसर असते. बहुतेक वेळा तो ओळीच्या टोकाला, पालाशिवाय, पोत्यावर बसलेला असतो, कारण जुन्या जागा नेहमीच्या व्यापाऱ्यांच्या असतात. बायका तर आणखी कडेला, बसस्टँडकडे जाणाऱ्या वाटेवर. तिकडे आधी जा.

मग तीन प्रश्न विचारा. गाव कोणतं? कधी तोडलं? शेतात अजून काय उभं आहे? पिकवणारा तिसऱ्या प्रश्नावर खुलतो. पुढच्या आठवड्यात गाजर निघेल, हरभऱ्याला घाटे धरलेत, यंदा लसूण कमी लावला, असं सांगत जातो. ज्यानं माल विकत आणला आहे तो दुसऱ्या प्रश्नालाच ‘एकदम ताजा है’ म्हणून भाव सांगायला लागतो. हे इतकं ठरलेलं आहे की माझ्या भाचीलाही तासाभरात जमलं.

माल हातानं तपासायलाही शिका, पण विचारून. भेंडीचं टोक सगळ्या भेंड्यांचं मोडून बघणारे लोक असतात. मोडलेली भेंडी कुणी घेत नाही आणि नुकसान त्या माणसाचं होतं. एक मोडा, ती आपल्या पिशवीत टाका. गिलकीला देठाजवळ हलकं दाबलं की कळतं: कोवळी असेल तर लवचीक, जून असेल तर आत पोकळ जाळी जाणवते. कणसाचं पान सोलून दाणे बघू नका, वरच्या केसांवरून ओळखा. बाहेर तपकिरी आणि आत ओलसर केस म्हणजे दाणा भरला आहे आणि कणीस ताजं आहे. वटाण्याच्या दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की ताज्या शेंगा करकरतात.

भाव

सासूबाईंचा नियम साधा होता, आणि मी तो मोडलेला नाही. व्यापाऱ्याशी घासाघीस करा, शेतकऱ्याशी नको; त्याच्याकडे वजनही वाढवून मागू नका. दहा रुपयांच्या मेथीच्या जुडीमागे पेरणी, दोन पाणी, पहाटेची उपटणी आणि टेम्पोचं भाडं आहे. तिच्यावर दोन रुपये कमी करून आपलं काहीच वाचत नाही. शेवटी हातात कोथिंबिरीच्या दोन काड्या आपणहून मिळतातच.

जास्त घेणार असाल, म्हणजे धडीभर बटाटे किंवा दहा किलो कांदे, तर भावाचं बोलणं रास्त आहे. त्याला परत नेण्याचा त्रास वाचतो, तुम्हाला दोन पैसे सुटतात. आधी चक्कर मारताना तीन ठिकाणी भाव ऐकलेला असला की बोलणं लवकर संपतं.

वजन दगडाच्या तागडीवर होत असेल तर पारडी रिकामी असताना समान आहेत का ते बघा आणि वजनं लोखंडाची, शिक्क्याची आहेत का तेही. तागडीच नसेल आणि ढीग लावून विकत असतील तर ढीग डोळ्यांनी जोखा, वरचे दोन-तीन नग उचलून खाली काय आहे ते बघायला विचारा. कुणी नाही म्हणत नाही.

‘जैविक’ ऐकल्यावर

सेंद्रिय शेतीचा आणि इंदूरचा संबंध जुना आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी उलथून खत करण्याची रीत बसवली. गावाकडच्या रिती नीट न्याहाळून तिनं आकार घेतला होता. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

पण हाटातला ‘जैविक’ शब्द तपासून घ्या. प्रमाणपत्र असलेल्या मालावर ‘जैविक भारत’ची खूण असते, आणि शेतकऱ्यांचे गट पीजीएस पद्धतीनं एकमेकांची शेतं तपासून प्रमाणित होतात. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला हे प्रमाणपत्र सक्तीचं नाही, म्हणून कागद नाही एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका. त्याला विचारा: खत कुठलं घालता? शेवटची फवारणी कधी केली, कशाची? जो स्वतः करतो तो शेणखताच्या ट्रॉल्या, निंबोळीचा अर्क, गूळ-बेसनाचं जीवामृत असं तपशिलात बोलतो. मला तर तोही शेतकरी आवडतो जो सरळ सांगतो, ‘फूलगोबीवर औषध मारलंय, पण दहा दिवस झाले.’ कोबी-फ्लॉवर, वांगी, भेंडी यांवर फवारणी जास्त होते, मेथी-मुळ्यावर कमी. काहीही असो, वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं चुकवू नका.

वर्षाचा माल

इंदूरची मराठी घरं चैत्रात अजूनही गहू भरतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निदान तीन महिन्यांचा थेट शेतकऱ्याकडून घेऊन बघावा.

रोजच्या पोळीला लोकवन. मूळ वाण गुजरातच्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं, म्हणून हे नाव. सिहोर-विदिशाकडचा शरबती महाग, पोळी मऊ आणि गोडसर. बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या), बाट्या, रवा, दलिया यांसाठी कठिया, म्हणजे कडक दाण्याचा गहू. माळवा कठियासाठी फार चांगला आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदुरात १९५१ पासून आहे, आणि तिथल्या पोषण, पुसा तेजस या कठिया वाणांची नावं शेतकरी स्वतःहून घेतात. पुरणपोळीला कठिया वापरू नका, पोळी ताणत नाही.

गहू घेताना चार दाणे दाताखाली फोडा. कट्‌ आवाज होऊन तुटला तर वाळला आहे. चपटा होऊन दबला तर ओल आहे, आणखी ऊन हवं. साठवायच्या गव्हात ओल बारा टक्क्यांच्या वर नसावी. घरी आणून दोन-तीन कडक उन्हं द्या, रात्रभर निवू द्या, मगच कोठीत भरा. गरम गहू भरला तर आत दव धरतं. थराथरात वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. एरंडेलाचा हात लावण्याची आपल्याकडची रीतही चांगली.

दुकानदार धान्यात ठेवायला गोळ्या देतात, त्या घरात आणू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्यानं जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

लसणाच्या बाबतीत माझं पहिल्या वर्षी नुकसान झालं. फेब्रुवारीच्या शेवटी हाटात टपोरा लसूण स्वस्त मिळाला म्हणून वीस किलो घेतला आणि पोत्यात भरून ठेवला. आषाढात पोतं उघडलं तर निम्म्या गड्ड्यांना काळी बुरशी आणि उरलेल्यांना कोंब. पुढच्या वर्षी देपालपूरच्या एका जीजीनं गड्डा हातात देऊन दाखवलं. मान, म्हणजे पातीचा आणि गड्ड्याचा सांधा, चिमटीत पिरगाळून बघायची. ओलसर, रबरासारखी लागली तर तो लसूण महिनाभरात संपवायचा. कागदासारखी कोरडी कुरकुरली तरच वर्षाचा. तोही पोत्यात नाही, पातीसकट जुड्या बांधून वारा लागेल असा टांगायचा. साठवणीचा लसूण एप्रिलआधी घेऊ नका. रतलाम जिल्ह्यातल्या रियावनचा लसूण नावाजलेला आहे, मिळाला तर थोडा जास्त भाव द्यायला हरकत नाही.

कांद्याचंही तसंच. खरीपाचा, दिवाळीनंतर येणारा कांदा टिकत नाही. चैत्र-वैशाखातला रब्बीचा कांदा, मान बारीक आणि वरचे पापुद्रे सुकलेला, आषाढ-श्रावण ओलांडतो. बटाटा महू-देपालपूर भागात भरपूर होतो. माळव्याचा बटाटा वेफर्ससाठी मागणीत असतो, कारण त्यात पाणी आणि साखर कमी असते आणि तळल्यावर काळा पडत नाही. उपवासाचे वाळवणाचे वेफर्स करायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये धडी-दोन धडी आणा. साल अंगठ्यानं घासून निघत असेल तर तो कोवळा, लगेच खायचा. हिरवट डाग असलेला बटाटा निवडून बाजूला काढा, त्यात विष असतं.

बांधावर गेल्यावर

गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या. घाटाच्या वळणावर कणसांसाठी थांबू नका, पुढं सपाटीला तीच मिळतात. शेतात पाऊल टाकण्याआधी हाक मारा. कुत्री असतात, आणि काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असते. हरभऱ्याचा डहाळा मागितला तर माळव्यात कुणी पैसे घेत नाही, पण न विचारता उपटलेला तोच डहाळा चोरी असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. वेळ कमी असेल तर दुरूनच भाव विचारून निघून जाण्यापेक्षा न थांबलेलं बरं. माणूस खाटेवरून उठून तुमच्यासाठी येतो.

निघताना गाव, शेताची खूण आणि नंबर लिहून घ्या. नाव ‘लसूणवाले काकाजी, बेटमा’ असं ठेवलं तर पुढच्या वर्षी सापडतं. मी सहा घरांचा गहू आता एकाच शेतकऱ्याकडून मागवते. कापणी झाली की तोच फोन करतो.

घरी आल्यावर

पिशव्या तशाच ठेवून जेवायला बसू नका. मेथी-पालक आधी काढा, पिवळी पानं खुडा, मुळं तशीच ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळा, दोन दिवस टिकते. वटाणा त्याच रात्री सोला, कणसं त्याच रात्री किसा. गाजर-मुळ्याची पानं लगेच कापा, नाहीतर ती कंदातलं पाणी ओढून घेतात. मुळ्याचा पाला फेकू नका, पीठ पेरून भाजी होते. बटाटे आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. सीताफळं तांदळाच्या डब्यात नको, टोपलीत गवत घालून सुटी मांडा, रोज एकदा हलक्या हातानं दाबून बघा आणि पिकेल तसं आधी मऊ झालेलं खा.